चिंचेने घासलेला डबा

मी डबा बोलतोय. लोणच्याचा किंवा पापडाचा नव्हे, गॅसचा. डोंगरावर तंबू ठोकून राहणारी हौशी माणसं छोट्या शेगडीखाली जो बुटका, गोल डबा फिरवून बसवतात ना, तो मी. सध्या माझा मुक्काम तंजावुरात, राजवाड्यामागच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दाराशी, चपलांच्या शेजारी आहे. पोटात आता गॅस नाही आणि पोटाला एक भोक आहे. ते कसं पडलं ते मला सांगायचं आहे. घरात ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पातळ पत्रा, वर हिरवा रंग, डोक्यावर एक छोटी झडप. एका खोक्यात आम्ही चोवीस भावंडं होतो. प्रत्येकाच्या पोटावर चार भाषांत एकच सूचना छापलेली होती: एकदाच वापरा, पुन्हा भरू नका. जन्मपत्रिकेतच मरण लिहिलेलं असल्यावर माणूस काय करील ते मला ठाऊक नाही, आम्ही मात्र गप्प बसलो. बोलून करणार तरी काय?

मला सौम्याने विकत घेतलं. ती तेव्हा बंगळुरात नोकरी करत होती आणि मैत्रिणींबरोबर डोंगर चढायला जात असे. कोडैकनालच्या एका सहलीत मी तिच्या पाठीवरच्या पिशवीत होतो. दोन दिवस नूडल्स उकळल्या, चहा उकळला, माझं अर्धं पोट रिकामं झालं. तेवढीच माझी तरुणपणाची मौज. पुढे तिला परदेशात नोकरी लागली. विमानात गॅसचा डबा चढू देत नाहीत, म्हणून तिने मला शेगडीसकट वडिलांच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवलं आणि ती गेली. माझी बाकीची तेवीस भावंडं तोवर कुठल्या कुठल्या कचऱ्यात गेली असतील. मी मात्र माळ्यावर राहिलो, सणावारीच खाली उतरणाऱ्या पातेल्यांच्या संगतीत.

तिचे वडील सेतुराम. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं सहायक म्हणून काढली. बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, मोजून द्यायचं, मोजून परत घ्यायचं, आणि काम करताना गप्पा मारणाऱ्या पोरांवर डोळे वटारायचे. बायको वारल्यावर त्यांची थोरली बहीण अंबा अक्का त्यांच्याकडे राहायला आली. तीही एकटीच होती. दोघांची तंजावुरी मराठीतली, मधूनच तमिळ शब्द पेरलेली भांडणं ऐकायला मला फार आवडायचं. माळ्यावर दुसरी करमणूक नव्हती.

मला खाली आणलं ते तिरुवैयारुच्या अमावस्येमुळे. सेतुराम दर अमावस्येला तिथल्या कावेरीच्या घाटावर पितरांना पाणी द्यायला जात. अक्का स्कूटरवर मागे बसून जाई. तिला साखरेचा आजार होता, गोळी घेतल्यावर वेळेवर खाणं पोटात जायला हवं होतं. पण त्या दिवशी ती मडीत असे. आपल्याकडे ज्याला सोवळं म्हणतात तेच हे. मडीत ती हॉटेलातलं पाणीसुद्धा घेत नसे. एकदा घाटाच्या पायरीवर तिला घेरी आली. मग सेतुरामांना माळ्यावरची शेगडी आठवली. तिथेच शिजवायचं, तिथेच जेवायचं, असं ठरलं.

मला पाहून अक्का म्हणाली, "हें काय रे सेतू? बॉम्ब?"

"शेगडी की, अक्का. सौम्याची."

"माझ्या मडींत चालायचं नाही. कोणकोण हात लाविलें असतील, त्यांवर काय काय शिजविलें असतील!"

आणि तिने मला उचललं, नळाखाली धरलं, आणि चिंचेचा कोळ आणि राख घेऊन घसाघसा घासायला बसली. तिची पितळेची भांडी ती अशीच घासत असे. सेतुराम धावत आले.

"अय्यो, अक्का! ह्याला पुळी लावू नको. हा पत्रा आहे, पितळ नव्हे."

"सरी, सरी," असं म्हणून तिने घासणं चालूच ठेवलं. त्या घरात चिंचेला पुळीच म्हणतात, आणि 'बरं, बरं'ला सरी, सरी.

खरं सांगू? मला ते आवडलं. तोवर मला लोकांनी धरलं होतं, फिरवलं होतं, पिशवीत कोंबलं होतं. पण कुणी मला मांडीशी घेऊन, गळ्याभोवती बोटं फिरवून असं सावकाश धुतलं नव्हतं. झडपेच्या बाजूच्या खाचेत तर ती काथ्याचं टोक घालून घासायची. अंगाची आग व्हायची, पण मी चमकायचो. चमकणाऱ्याला आपला रंग उडतोय हे कुठे कळतं?

दोन अमावस्या झाल्या आणि मी रिकामा झालो. नवा डबा मागवायचा तर तो दूरच्या शहरातून यायचा, भाव अवाच्या सवा, आणि गॅस म्हणून पार्सलवाले नाक मुरडायचे. गावात मात्र लांबट नळकांडी मिळायची. लग्नाच्या जेवणावळीत टेबलावरच्या शेगडीला लावतात ती, स्वस्तातली. सेतुरामांनी महिनाभर वाचन केलं, एक पितळेचा जोड मागवला आणि ठरवलं की त्या नळकांड्यातला गॅस माझ्यात भरायचा.

गल्लीतले एकोजी सल्ला द्यायला हजर झाले. "घरांत मोठा सिलिंडर आहे की! त्यालाच नळी लावा, झालं काम."

सेतुरामांचा पारा चढला. "त्यांतल्या गॅसचा जोर वेगळा. हा पत्रा पातळ. फुटला तर माझ्याबरोबर तुमचं छप्पर पण जाईल. आणि तें करणं गुन्हा आहे." एकोजी काढता पाय घेऊन गेले.

माझ्या पोटावरची सूचना सेतुराम दर वेळी वाचत. पुन्हा भरू नका. वाचून ते मान हलवत आणि म्हणत, "बरोबर आहे लिहिलेलं. चुकलो तर दोष माझा." म्हणून त्यांचे नियम फार कडक होते. भरणं गच्चीवर, उघड्या हवेत, सकाळीच. आधी मला फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात वीस मिनिटं ठेवायचं, म्हणजे थंड डब्यात गॅस आपसूक उतरतो, जबरदस्ती करावी लागत नाही. मग तराजूवर वजन. मी मुळात जितका भरलेला आलो होतो त्याच्या पाऊण हिश्शावर ते थांबत. काठोकाठ भरला आणि उन्हात तापला तर गॅसला फुगायला जागा राहत नाही, असं ते स्वतःलाच मोठ्याने सांगत. भरून झालं की आपल्या वडिलांच्या जुन्या दाढीच्या ब्रशने माझ्या गळ्याभोवती साबणाचा फेस लावत आणि बुडबुडा येतो का ते चष्मा पुसून बघत. किती वेळा भरला ते माझ्या अंगावरच्या चिठ्ठीवर रेघा मारून ठेवत. ती चिठ्ठी अक्काच्या चिंचेत दर महिन्याला वाहून जाई. मग त्यांनी वही केली.

भरून होईपर्यंत घरात काडी ओढायला बंदी. देवापुढचा दिवासुद्धा थांबायचा. अक्का जिन्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राही. "तुझं भरणं होईस्तोवर माझे देव अंधारांत," असं म्हणायची, पण तिथून हलायची नाही. कारण तिचं तिथे एक काम होतं. करोनाच्या तापात सेतुरामांच्या नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. कॉफी, उदबत्ती, गॅस, त्यांना सगळं सारखंच. म्हणून ते जोड सोडवला की विचारत, "अक्का, वास येतोय का?"

ती दोनदा नाक ओढून हवा घेई. "नाही. आण खाली."

एवढं झाल्यावरच मी पिशवीत जाई.

मग स्कूटर, मग एकामागून एक पाच नद्यांचे पूल, मग घाट. सेतुराम ओल्या धोतराने पाणी सोडून येईपर्यंत अक्का माझ्यावर पोंगल, म्हणजे इथली मुगाच्या डाळीची खिचडी, चढवी. घरून आणलेली डांगर पचडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, बरोबर असे. दोघं पायरीवर बसून जेवत. फार बोलत नसत. जेवण झालं की अक्का म्हणे, "मीठ कमी झालं, होय ना?" आणि सेतुराम म्हणत, "होय." दर अमावस्येला हेच. मी शेजारी गार होत पडलेला असे. इतकं बरं मला आयुष्यात दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

घरी आलो की पुन्हा चिंच. "वाटेंत कोणाकोणाचा स्पर्श झाला असेल," असं म्हणत ती मला घासायला घेई. सेतुराम ओरडत, ती ऐकत नसे. त्यांना तिचा हट्ट दिसत होता. माझ्या गळ्याच्या खाचेत काय चाललंय ते त्यांनाही दिसत नव्हतं. वरचा मुलामा गेला होता. आत पत्रा उघडा पडला होता.

अकरा वेळा मी भरलो. बारावी वेळ यायच्या आत अक्काच्या पायाला जखम झाली. साखरेच्या माणसाची जखम. आधी म्हणाली, काही नाही. मग इस्पितळ. आठ दिवसांनी सेतुराम एकटेच परत आले. हातात तिची जेवणाच्या डब्यांची पिशवी होती.

त्यानंतर मी दहा महिने माळ्यावर होतो. घरात आवाज नव्हता. सेतुराम सकाळी कुकरमध्ये एक वाटी भात लावत, तोच दोन्ही वेळा जेवत. दूरच्या देशातून सौम्याचा रविवारी फोन येई. "जेवला का, अप्पा?" "जेवलो." "तब्येत?" "बरी आहे." एवढं बोलून झालं की फोन तसाच कानाशी धरून ते थोडा वेळ बसत. अमावस्येला घाटावर जायचंही त्यांनी सोडलं. पितरांना ते घरीच तांब्यातून पाणी देत. पावसाळ्यात माळ्याची भिंत ओलसर होई आणि माझा गळा खाजत असे. तो गंज होता हे मला कळत होतं. सांगणार कसं? आम्हाला तोंड एकच, आणि ते उघडलं तर अनर्थ.

मग आडी अमावस्या, म्हणजे आषाढातली पितरांची मोठी अमावस्या, जवळ आली. त्या दिवशी तिरुवैयारुला घाटावर पाय ठेवायला जागा नसते. आदल्या दिवशी सकाळी सेतुरामांनी मला खाली काढलं. फडक्याने पुसलं. आणि कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणाशी तरी बोलावं तसं बोलले, "उद्या अक्काच्या नांवानं तिथंच पोंगल करायचा. तिनं घासलेल्या डब्यावरच."

मी घाबरलो. माझ्यासाठी नव्हे. माझं काय, मी एकदाच वापरून टाकायचा जीव, अकरा आयुष्यं जास्तीची मिळाली. पण तो घाट, ती गर्दी, पायरीपायरीवर पेटलेल्या कापराच्या वड्या, आणि त्यांच्यामध्ये बसलेला, वास न येणारा हा माणूस. तो मला पेटवणार होता.

त्यांनी सगळं नेमाने केलं. बर्फ, तराजू, जोड, नळकांडं. गॅस आत उतरला. त्यांनी ब्रशने फेस लावला आणि चष्मा पुसला.

माझ्या गळ्याशी एक बुडबुडा आला. फुटला. मग दुसरा आला.

सेतुरामांनी फेस पुसला आणि नखाने ती खाच खरवडली. तांबूस पूड हाताला लागली. गळ्याभोवती अर्ध्या वर्तुळात, जिथे ती काथ्याचं टोक घालून घासत असे, नेमका तिथेच गंज होता. त्यांना समजायला क्षणही लागला नाही. त्यांनी आयुष्यभर आम्लं हाताळली होती.

ते एकदम ओरडले. "किती वेळा सांगितलो पुळी लावू नको म्हणून! किती वेळा! कोणाचं कधी ऐकलीस तूं?"

गच्चीवर कुणी नव्हतं. शेजारच्या तारेवरचे दोन कावळे उडाले. सेतुराम जिन्याच्या रिकाम्या दाराकडे बघत राहिले. तिकडून "सरी, सरी" आलं नाही. मग ते खाली बसले, मला दोन्ही हातांत धरलं आणि रडले. आवाज न करता रडणारी माणसं असतात. ते तसे नव्हते.

रडून झाल्यावर माणसाची अक्कल परत यायला हवी होती. आली नाही. त्यांनी पुन्हा फेस लावला, पुन्हा बघितलं. "फार थोडी आहे गळती," असं स्वतःशी म्हणाले. "एक दिवसाचा तर प्रश्न. तासाभरांत पोंगल होतो." बाटलीवर चिठ्ठी नसेल तर पोराला प्रयोगशाळेबाहेर काढणारा माणूस हे म्हणत होता! त्यांनी मला पिशवीत ठेवलं, वर पातेलं ठेवलं, चेन ओढली. मी आत गळत होतो. सगळी पिशवी माझ्या वासाने भरली आणि त्यांना पत्ताही नव्हता. मला त्यांचा राग आला. तिची इतकी आठवण येत होती तर तिच्यासारखं वागायचं होतं. तिने त्यांना खाली जाऊच दिलं नसतं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवताना त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अक्का, वास येतोय का?"

"येतोय, मामा."

ते दचकले. खालच्या मजल्यावरची हरिता बादली घेऊन कपडे वाळत घालायला वर येत होती. ती पॉलिटेक्निकात शिकवते, आईबरोबर राहते. घरी मराठी ऐकते, पण बोलताना अडखळते, म्हणून सेतुरामांशी ती सहसा हसण्यापलीकडे जात नसे.

"रोम्ब येतोय," ती म्हणाली. रोम्ब म्हणजे फार. बादली तिने तिथेच खाली ठेवली. "त्या बॅगेंतून. मामा, ती... ती खाली नेऊं नका. आमची अम्मा दिवा लावली आहे."

सेतुरामांनी पिशवी नाकाजवळ नेली. मग हळूच म्हणाले, "खरंच येतोय?"

"होय, मामा. पिशवी द्या इकडे. किंवा तुम्हीच ठेवा तिथं, उघड्यावर." आणि जिन्यातूनच ती तमिळमध्ये आईला ओरडली की दिवा विझव, गॅस बंद कर, वर येऊ नकोस.

त्यांनी मला बाहेर काढलं. गच्चीच्या पार कोपऱ्यात, जिथे वारा बाहेरच्या बाजूला जातो, तिथे नेऊन माझी झडप थोडी उघडली. गॅस जाऊ लागला की डबा गार पडतो. माझ्या अंगावर पांढरं दव गोठलं. खाली ठेवायचं सोडून सेतुराम मला धरूनच बसले. त्यांची बोटं बधिर झाली असतील. हरिता जिन्याच्या दारात उभी होती. तिला कॉलेजला उशीर होत होता, तरी ती थांबली. मधूनमधून ते विचारत, "अजून?" आणि ती म्हणे, "अजून येतोय." फार वेळाने ती म्हणाली, "आतां नाही." त्यांनी आणखी बराच वेळ मला वाऱ्यावर ठेवलं, तराजूवर ठेवून बघितलं, आणि मग ठिणगी उडू नये म्हणून पितळेचा एक जाड दाभण घेऊन माझ्या पोटात भोक पाडलं. पुन्हा कुणाला माझा मोह होऊ नये म्हणून. पहिल्या घावाला नुसता पोचा पडला. दुसऱ्याला पत्रा फुटला. दुखलं का? नाही. हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते घाटावर गेले. पोंगल घरच्या गॅसवर करून डब्यातून नेला. हरिताने आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, "मी येऊं का, मामा? सुट्टी आहे." ते म्हणाले, "नको, नको, तुला कशाला त्रास." परत आले तेव्हा पोंगलचा डबा अर्धा भरलेलाच होता.

त्याला आता तीन आठवडे झाले. भंगारवाला दर मंगळवारी गल्लीत ओरडतो. सेतुराम मला उचलतात, दारापर्यंत नेतात आणि त्याला सांगतात, "पुढच्या आठवड्यांत ये." मग मी परत चपलांशेजारी. नवा डबाही आला आहे. पार्सल तसंच बंद टेबलावर पडून आहे. काल संध्याकाळी सेतुराम ते पार्सल घेऊन जिन्याच्या टोकाशी उभे राहिले, खाली वाकून तोंड उघडलं आणि हाक न मारताच आत आले. त्या वेळी खाली हरिता आईशी बोलत होती, मला ऐकू येत होतं.

सेतुराम, तुमचे सगळे नियम मला पाठ आहेत. थंड करा, मोजा, पाऊण भरा, फेस लावा, गंज दिसला की थांबा. ते सगळे खरे आहेत. पण अकरा वेळा मी सुखरूप राहिलो तो केवळ त्या नियमांमुळे नव्हे. तुम्ही विचारत होता आणि दारात कुणीतरी नाक ओढून उत्तर देत होतं. वहीत ते तुम्ही कधी लिहिलं नाहीत.

मला येत्या मंगळवारी देऊन टाका. मी अक्का नाही, अक्काने घासलेला पत्रा आहे. वितळलो तर पत्र्याचं काहीतरी होईल. आणि तो नवा डबा उघडायच्या आधी खाली हाक मारा. हरिता सहानंतर घरीच असते.